मऊ लागलं म्हणजे निर्दोष झालं का?

शिखरजीच्या यात्रेसाठी सूनबाईंनी मला आतून घालायचं मेरिनो लोकरीचं बनियन आणलं. "आई, अजिबात टोचत नाही बघा!" खरंच टोचत नव्हतं. ते का टोचत नाही हे वाचायला बसले आणि नंतर ते अंगात घालवेना.

अंगाला लागून घातलेली लोकर टोचते ती बहुतेक वेळा ॲलर्जीमुळे नाही. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, ती त्वचेवर रुततात आणि वेदनेच्या नसा जाग्या होतात. ऑस्ट्रेलियात यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं. माणसांना कपडे घालायला देऊन किती टोचतं ते विचारलं. कापडावरून बारीक तार फिरवून टोचरेपणा मोजणारं 'वूल कम्फर्ट मीटर'ही तयार केलं. काम चोख आहे, त्यावर माझा राग नाही.

राग आपल्यावर आहे. त्याच ऑस्ट्रेलियात मेरिनोच्या कोकरांची शेपटीभोवतीची सुरकुतलेली कातडी कात्रीने कापून काढतात. तिथे माश्यांनी अंडी घालून अळ्या पडू नयेत, म्हणून. याला 'म्युलसिंग' म्हणतात. न्यूझीलंडने 2018 साली ते बंद केलं, ऑस्ट्रेलियात अजून चालतं. आणि बाजारातली बारीक मेरिनो लोकर बरीचशी तिथूनच येते. आपल्या त्वचेला किती टोचतं याला यंत्र आहे. कोकराच्या त्वचेचं आपण विचारतसुद्धा नाही!

रेशमाच्या किड्यासाठी आपल्यातल्या कितीजणींनी पैठणी सोडली. मेंढी तर पंचेंद्रिय जीव. तिच्या वेळी "कातरताना कुठे मरते?" एवढ्यावर आपलं समाधान कसं होतं?

कुणी म्हणेल, तुमचं कटासणंही लोकरीचंच ना? हो. पण ते सामायिकात जीवदयेसाठी आहे, सुखासाठी नाही, आणि एकच कटासणं मला वीस वर्षं पुरलंय. दर थंडीला नवं मऊ बनियन घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी सुती कपड्यांचे दोन थर घालून बघा. लोकर घ्यायचीच असेल तर दुकानदाराला "म्युलसिंग न केलेली आहे का?" असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर पिशवी न उचलता परत या.

मी यात्रेला जुनं सुती जाकीट घालून जातेय. कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. प्रश्न मात्र मी मागे घेत नाही.