आधी लेंडी बघा, मग चारा ठरवा

मंडळी, हसू नका. वांद्र्याच्या फ्लॅटात आता चिंचिला पाळतात. अँडीज डोंगरातला, मऊ केसांचा प्राणी. पोट मात्र आपल्या सशासारखंच, गवतावर चालणारं.

शेळीची लेंडी बघून आपण दुखणं ओळखतो, तसंच इथं. चांगली लेंडी लांबट, कडक, कोरडी, गडद तपकिरी, वास जवळजवळ नाहीच. दिवसाला शंभरावर पडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बारीक, कमी किंवा बंद झाली तर आतडं मंदावलं समजा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मऊ, चिकट झाली तर बहुतेक फळं, सुकामेवा जास्त झालाय. लाडानं बदाम-मनुका चारतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते वाळलं गवत चावूनच झिजतात. म्हणून गवत रात्रंदिवस पुढ्यात हवं.

पण कुठलं? लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या जनावराला रोजचा नको. भाताच्या पेंढ्यात कस नाही. कुसळी तोंडात रुतते. फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवलेला मारवेल चालावा असं माझं मत. कृषीवाल्या साहेबांनी त्यातला तंतू नि कॅल्शियम तपासून सांगावं. शहरात परदेशी टिमोथी गवत किलोवर विकतात, आपण ट्रकावर.

एक अडचण आहेच, मुंबईचा पावसाळा. ओलसर गठ्ठ्याला लगेच बुरशी धरते, आणि बुरशीचं गवत म्हणजे विषच. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवी भरू नका.