मुंबईचे जंगल पाहिले का?



सुट्टी लागली, की नेकनूरमधली कितीतरी मुले मुंबईला जातात. कोणाचे मामू कुर्ल्याला असतात, कोणाची खाला गोवंडीला राहते. रात्रीच्या गाडीत बसायचे आणि सकाळी मुंबईत उतरायचे. आठ-दहा दिवस मजेत जातात. परत आल्यावर मित्र विचारतात, "मुंबईत काय पाहिलेस?" उत्तर ठरलेले असते : गेटवे ऑफ इंडिया, चौपाटी, हाजी अली, राणीची बाग आणि उंच उंच इमारती.

ही ठिकाणे जरूर पाहा. पण मुंबई म्हणजे फक्त इमारती आणि गर्दी, ही समजूत सोडून द्या. या शहरात डोंगर आहे, दाट जंगल आहे, खाडी आहे आणि समुद्र तर आहेच. म्हणून माझे मत असे आहे, की मुंबईला गेल्यावर निदान एक दिवस पायी चालण्यासाठी राखून ठेवावा. त्याला फार पैसे लागत नाहीत. लागतात ते मजबूत पाय, उघडे डोळे आणि थोडी हिंमत.

लोकलने बोरिवलीला जा आणि पूर्वेकडे उतरा. थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. सोमवारी मात्र ते बंद असते. या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. तुळशी आणि विहार हे दोन तलाव याच डोंगरांत आहेत. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. त्याचे पाणी मुंबईकर आजही पितात. या जंगलात सुमारे पन्नास बिबटे राहतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. एवढ्या माणसांच्या शेजारी बिबट्या राहतो, हे नवल नाही का?

फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. तिथपर्यंत बस जाते. पाय दुखत असतील तर बसने जा. काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी येथे राहायला सुरुवात केली. बहुतेक प्रवासी मोठे चैत्यगृह आणि मूर्ती पाहून परततात. तुम्ही मात्र आणखी एक गोष्ट पाहा. लेण्यांच्या बाजूला खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी लहान लहान पन्हळींतून या टाक्यांत आणले आहे. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवण्याची ही युक्ती होती. आपण बीड जिल्ह्यातली माणसे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बीडजवळची खजाना बावडी आपण पाहिलेली असते. कान्हेरीची टाकी पाहिली, की पाणी साठवणारे ते जुने लोक आपल्याला परके वाटत नाहीत.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे बालाघाटचे डोंगर आहेत. मग डोंगर पाहायला मुंबईला कशाला जायचे?" प्रश्न बरोबर आहे. पण याच मुंबईत एका मुलाचे काय झाले, ते ऐका.

त्या मुलाचे नाव सालिम. त्याचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामांनी त्याला वाढवले. एकदा त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. मुलगा थक्क झाला. पुढे हाच मुलगा डॉ. सालिम अली म्हणून जगात प्रसिद्ध झाला. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

या गोष्टीत मोठे काय आहे? बंदूक नव्हे. "हे काय आहे?" हा प्रश्न मोठा आहे. तो प्रश्न गजबजलेल्या मुंबईतही पडू शकतो आणि नेकनूरच्या माळावरही पडू शकतो. मुंबईत त्याचे उत्तर देणारी माणसे आणि संस्था जवळ सापडतात, म्हणून तिथे गेल्यावर ती संधी दवडू नये.

आता समुद्राकडे वळू. हाजी अलीच्या दर्ग्याला जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडी पडते. तिथे दर्शनाला गेलात, तर घाई करू नका. थोडा वेळ पाण्याकडे पाहा. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचते. त्यात खेकडे आणि शंख चालताना दिसतात. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांचे पाय लांब आणि पंख गुलाबी असतात. चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांना तो रंग येतो. २०१५ मध्ये सरकारने ही जागा अभयारण्य म्हणून जाहीर केली. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तिथून बोटीत बसून हे पक्षी पाहता येतात.

पण मित्रांनो, साहस आणि बेपर्वाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या किनाऱ्यावर फोटो काढताना एक तरुणी समुद्रात पडली. तिला वाचवण्यासाठी एका माणसाने पाण्यात उडी मारली. दोघांचाही जीव गेला. एका फोटोची ही किती मोठी किंमत! फोटोसाठी कड्याच्या टोकावर उभे राहणारा मुलगा शूर नसतो. भरतीची वेळ विचारून निघणारा, ओल्या खडकावर पाय न ठेवणारा आणि सोबत्यांना सोडून पुढे न पळणारा, तो खरा साहसी. जंगलातही ठरलेली वाट सोडू नये. उष्टे अन्न तिथे टाकू नये. अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग लोक बिबट्यालाच दोष देतात.

आणखी एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. अशा सफरीला घरातले मुलगे जातात आणि मुली घरी थांबतात. हे मला पटत नाही. अम्मीची काळजी खोटी नसते, हे मी मान्य करतो. पण काळजीचे उत्तर घरात बसवून ठेवणे हे नाही. चांगली सोबत देणे हे आहे. मामू, खाला, भाऊ, बहिणी असे सगळे मिळून जा. सकाळी लवकर निघा आणि अंधार पडण्यापूर्वी परता. डोंगर चढताना मुलीचे पायही तेवढेच दुखतात आणि वर पोहोचल्यावर वारा तिलाही तेवढाच गार लागतो.

ज्यांना मुंबईला जायला मिळत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पावसाळ्यात वडीलधाऱ्यांबरोबर कपिलधारला जा. धबधब्यापासून अंतर ठेवून उभे राहा आणि ते पाणी कुठून येते, याचा विचार करा. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तिथे मोरांचा आवाज ऐका. ज्याने आपल्या गावचा डोंगर नीट पाहिला आहे, त्यालाच मुंबईचा डोंगर नीट दिसेल.

म्हणून पुढच्या सुट्टीत एक लहान वही खिशात ठेवा. दिसलेला पक्षी, ओळखलेले झाड, पाण्याचे टाके, जे पाहाल ते तिच्यात लिहा. मग शाळेत कोणी विचारले, "काय पाहिलेस?" तर तुमचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे असेल.