विश्लेषण : जुन्या फोनवर कोणता ब्राउझर वापरावा? वेग आधी पाहायचा की सुरक्षा?

सातबारा पाहणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, पीक विम्याची स्थिती तपासणे, मुलांचा निकाल बघणे… सेनगावसारख्या तालुक्यात ही कामे आता मोबाइलच्या ब्राउझरमधून होतात. फोन मात्र अनेकदा जुना, मोठ्याकडून धाकट्याकडे आलेला असतो. पान लवकर उघडले की ब्राउझर चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. पण आधार आणि बँक खात्याचे तपशील भरायचे असतील तर एवढे पुरेसे नाही.

ब्राउझर अनेक, पण इंजिन किती?

पान फोनवर उभे करते ते इंजिन. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट हे सर्व क्रोमियम या एकाच मुक्त प्रकल्पावर आधारलेले आहेत. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये एज ब्राउझर क्रोमियमवर आणला. फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट ही इंजिने वेगळी आहेत. भारतातील आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच चालते.

वेगात कोण पुढे?

अ‍ॅपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून मार्च २०२४ मध्ये ‘स्पीडोमीटर ३’ ही चाचणी आणली. महागड्या फोनवर या ब्राउझरांमधला फरक हाताला फारसा जाणवत नाही. कमी रॅमच्या फोनवर पान अडते ते मुख्यतः जाहिराती, उघडे राहिलेले टॅब आणि कमकुवत रेंज यांमुळे. म्हणून जाहिराती रोखणारा ब्रेव्ह किंवा जाहिरातरोधक जोडलेला फायरफॉक्स अशा फोनवर हलका वाटतो. ऑपेरा मिनी कमाल बचतीच्या पद्धतीत पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर आकसून मग फोनवर पाठवतो. डेटा वाचतो, पण मजकूर मधल्या सर्व्हरवर उलगडला जातो. बातम्यांसाठी ते ठीक. बँकेच्या कामासाठी नको.

सुरक्षेचा फरक कुठे पडतो?

अद्ययावततेत. त्रुटी प्रत्येक ब्राउझरमध्ये सापडतात. ती किती लवकर बुजवली जाते, हे महत्त्वाचे. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षा दुरुस्त्या देतो. क्रोमियमवरील इतर ब्राउझरांना त्या आपल्या आवृत्तीत आणाव्या लागतात. त्यात उशीर झाला, तर तेवढे दिवस दार उघडे राहते.

जुन्या फोनचे काय?

खरी अडचण इथेच आहे. २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोम १३८ ही शेवटची आवृत्ती ठरली. अ‍ॅप पूर्वीसारखे चालते, पान उघडते, पण नव्या दुरुस्त्या येत नाहीत. त्यामुळे धोका लक्षातही येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. ती ८ किंवा ९ असेल तर फायरफॉक्स हा पर्याय तपासा आणि पैशांचे व्यवहार शक्यतो नव्या फोनवर करा.

देशी ब्राउझरचा पर्याय आहे का?

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर होता. पुढे केंद्राने घेतलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहो कंपनीला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझरही क्रोमियमवरच आधारलेला आहे. तेव्हा नाव देशी की विदेशी यापेक्षा अपडेट वेळेवर येतात का, हे पाहावे.

ब्राउझर काय रोखू शकत नाही?

बनावट संकेतस्थळांची यादी ठेवून ब्राउझर इशारा देतात. पण आज सकाळी तयार झालेले बनावट पान त्या यादीत नसू शकते. पत्त्याशेजारचे कुलूप म्हणजे खरेपणाची हमी नव्हे. बनावट पानालाही ते मिळते. गोंधळ टाळण्यासाठी क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले. म्हणून पत्त्याचा शेवट वाचा : सरकारी संकेतस्थळ सहसा ‘जीओव्ही डॉट इन’वर संपते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. पत्त्याच्या मध्येच ‘महाडीबीटी’ लिहिलेले असणे हा पुरावा नाही. योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. ती फोनमध्ये बसली की ब्राउझरचे संरक्षण अपुरे पडते. सेवा केंद्रातील संगणकावर पासवर्ड जतन करू नका, काम संपताच लॉगआउट करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.