बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, बस्स!

शनिवारी सकाळी चहा घेत निवांत काहीतरी खरडायचं ठरवलं होतं. पण या आठवड्यात घरी जे झालं त्यानं डोकं फिरलंय. तेव्हा मंडळी, आज चिडचिड ऐकून घ्या.

पॅसेजमधला स्मार्ट बल्ब मीच हौसेनं लावला होता. रात्री गेलेली वीज पहाटे तीनला आली की हा पठ्ठ्या भक्कन पेटायचा आणि सगळं घर जागं. म्हणून ॲपमध्ये 'आधीची स्थिती लक्षात ठेव' असं सेटिंग केलं. स्वतःवर जाम खूश!

मंगळवारी नवा राउटर बसला. वाय-फायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. बल्ब तेव्हा बंद होता, म्हणजे 'बंद' हीच त्याची शेवटची आठवण. रात्री आईनं भिंतीवरचं बटण दोनदा खालीवर केलं. दिवा ढिम्म. अंधारात बाथरूमच्या उंबऱ्याला ठेचकाळली, अंगठ्याचं नख उखडलं. वय ७१. "अरे, मला दिवा लावायचा होता, कॉम्प्युटर नाही," एवढंच म्हणाली.

मग मी बसलो जोडायला. दोन तास! मी रोज नेटवर्कशी खेळून पोट भरणारा माणूस, बरं का. हे बल्ब बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. नव्या राउटरनं २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव दिलेलं, त्यात फोन ५ वर. शिवाय सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३, जी या बिचाऱ्याला कळतच नाही. जोडणीसाठी बल्ब स्वतःचं छोटं वाय-फाय सुरू करतो, पण त्यावर इंटरनेट नाही हे पाहून फोन परत मोबाइल डेटावर उडी मारतो. आणि ॲप काय म्हणतं? 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' अरे, पण काय चुकलं?

(तुमचं अडलं असेल तर: २.४ ला वेगळं नाव द्या, डब्ल्यूपीए-२ ठेवा, जोडताना मोबाइल डेटा बंद करा. आणि राउटर बदलताना जुनंच नाव-पासवर्ड ठेवलात तर बहुतेक वेळा बल्ब आपणहून येतात. मला हे आधी सुचलं नाही, हा माझा गाढवपणा.)

पण खरा मुद्दा पुढेच आहे. आमच्या धंद्यात अशा वेळी म्हणतात, 'युजरची चूक.' साफ खोटं! बटण दाबणं ही चूक असूच शकत नाही. चूक आमची. फूटभर अंतरावरच्या दिव्याला हुकूम द्यायला आम्ही कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरची परवानगी घ्यायला लावतो. तो सर्व्हर उद्या असेलच असं नाही. रिव्हॉल्व्ह नावाच्या हबचा सर्व्हर मे २०१६ मध्ये बंद केला गेला, लोकांच्या घरातले हब म्हणजे नुसते डबे झाले. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगता बंद पडले, ॲप मुकं झालं. पण त्यांची भिंतीवरची बटणं चालत राहिली, कारण ती दिव्यांशी थेट बोलत होती. यातच सगळं आलं.

'मग साधा बल्ब लाव ना,' असं कुणीतरी म्हणेलच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नुसतं बोलून दिवा लावता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे. मला हे तंत्रज्ञान हवंय, म्हणून तर भांडतोय. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर १.० हे स्टँडर्ड आलं. त्यात घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय हुकूम पोचवायची सोय आहे. म्हणजे हे जमतं. 'जमत नाही' ही सबब आता चालणार नाही.

माझ्या मागण्या तीनच. भिंतीवरचं बटण कायम चाललं पाहिजे. इंटरनेट गेलं तरी घरातला दिवा घरातूनच लागला पाहिजे. आणि जोडणी फसली तर का फसली ते सरळ मराठीत सांगितलं पाहिजे. विकत घेताना दुकानदाराला पहिल्या दोन गोष्टी विचाराच. तो गडबडला, तर खोका परत ठेवा.

असो. पॅसेजमध्ये आता साधा नऊ वॅटचा एलईडी आहे. बटण दाबलं की लागतो. आई त्यालाच स्मार्ट बल्ब म्हणते. :-)