अपडेट : घ्यावे की थांबावे?

मोबाइलवर किंवा संगणकावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ असा संदेश आला, की आपण अनेकदा ‘नंतर’ हे बटण दाबतो. त्यामागे केवळ आळस नसतो. अपडेटनंतर प्रिंटर चालेनासा झाला, फोन मंदावला, हे पुष्कळांनी अनुभवलेले असते. रुग्णालयात मात्र हाच निर्णय थेट उपचारांवर परिणाम करतो.

विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. महिनाभरात त्या त्रुटीचा गैरफायदा घेणारे साधन इंटरनेटवर फुटले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला. अंदाजे १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीच्या वेळा रद्द झाल्या. दुरुस्ती तेव्हा जवळपास दोन महिने उपलब्ध होती. पण एमआरआयसारख्या यंत्रांत जुनी विंडोज बसवलेली असते आणि ती परस्पर बदलली तर यंत्रच बंद पडण्याची धास्ती असते.

ही धास्ती निराधार नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. विमाने रखडली, काही रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

तरीही या दोन धोक्यांचे वजन सारखे नाही. सदोष अपडेटचा घोळ लगेच दिसतो. क्राउडस्ट्राइकने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले. बंद पडलेले संगणक सुरू करायला अनेक ठिकाणी काही दिवस लागले, पण ते सुरू झाले. उघडी राहिलेली त्रुटी मात्र दिसत नाही आणि चोरीला गेलेली माहिती परत घेता येत नाही. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली, की जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहत भगदाड कुठे होते हे गुन्हेगारांनाही शोधता येते. त्या दिवसापासून थांबणे अधिकाधिक महाग पडते.

म्हणून घरच्या वापरकर्त्याने आधी बॅकअप घ्यावा आणि सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्यावे. फोनचे रूप बदलणाऱ्या नव्या आवृत्तीसाठी थोडे थांबले तरी चालेल. मोठ्या संस्थांनी आधी मोजक्या संगणकांवर चाचणी घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे जावे. क्राउडस्ट्राइकनेही नंतर हीच पद्धत स्वीकारली. जे यंत्र अपडेट करताच येत नाही, ते इंटरनेटपासून आणि इतर संगणकांपासून वेगळे ठेवावे. ‘नंतर’ म्हणायचे असेल, तर किती दिवसांनी, हेही त्याच वेळी ठरवावे.