दाणा मोठा करा म्हणे!

मागच्या नवरात्रात आमच्या रूमवर भगरीऐवजी चक्क कुट्टूच्या पुऱ्या तळल्या गेल्या! रूममेट हिमाचलमधल्या किन्नौरचा. त्याच्याकडे या धान्याला ओगला म्हणतात. पण त्याच्या घरच्यांनी ओगला पेरणं कधीच सोडलं, त्या शेतात आता सफरचंद आहे. "पीकच फार येत नाही यार, कोण पेरणार?" इति रूममेट. मी लगेच सल्ला फेकला, "मग दाणा मोठा करा ना!"

तो नुसता हसला. मी मात्र इरेला पेटून वाचायला बसलो, आणि आता मला माझ्याच सल्ल्याची लाज वाटतेय.

माझ्या डोक्यात होता भात. २००६ साली चीनमध्ये भातातला जीएस३ हा जनुक सापडला. तो निकामी झाला की दाणा लांब होतो. भात स्वतःच्याच परागांवर भागवतो, त्यामुळे असा गुण काही पिढ्यांत पक्का करता येतो. कुट्टूचं तसं नाही. मुळात हे गवतच नव्हे, आपल्या अंबट चुक्याच्या कुळातलं झाड! त्याची फुलं दोन तऱ्हांची. काही झाडांवर स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, काहींवर बरोबर उलटं. पराग दुसऱ्या तऱ्हेच्या झाडावरूनच यावा लागतो. म्हणजे टपोऱ्या दाण्याची आई आपल्याला ठाऊक, बाप फक्त मधमाशीला! शिवाय आकार ठरवणारे जनुक अनेक. निवडलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा विखुरतो.

रशियात सखारोव यांनी (अणुबॉम्बवाले नव्हेत, हे व्लादिमीर) १९४० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. कोल्चिसिन वापरून १६ गुणसूत्रांची ३२ केली. दाणे खरंच मोठे झाले. पण अशा झाडांत दाणे भरण्याचं प्रमाण घटतं, आणि शेजारच्या साध्या कुट्टूचे पराग आले तर आणखीच बोंब.

खरी गळती तिथेच आहे. कुट्टूला शेकडो फुलं येतात आणि बहुतेक दाणा न धरताच वाळतात. मोठा दाणा सोलायला सोपा, गिरणीवाल्याला तो हवाच, हे मान्य. पण आपण इंजिनिअर लोक जे पटकन मोजता येतं त्याच्याच मागे लागतो. हजार दाण्यांचं वजन काट्यावर कळतं. गळालेली फुलं कोण मोजणार? माझं स्पष्ट मत आहे, कष्ट आधी तिथे घाला. चीनमधल्या एका रानटी भाईबंदाकडून, फॅगोपायरम होमोट्रॉपिकमकडून, स्वतःच्याच परागांवर फळण्याचा गुण कुट्टूत आणता आलाय. २०१६ मध्ये कुट्टूच्या जीनोमचा मसुदाही प्रसिद्ध झाला. मग अडलंय कुठे?

यंदा रूममेटच्या आईने हौसेखातर एका कोपऱ्यात ओगला पेरला. आम्ही फोन करून विचारलं, "काकू, शंभर फुलांमागे दाणे किती धरले?" त्या म्हणाल्या, "सुट्टी काढून या आणि स्वतः मोजा. येताना विळेही आणा."