हस्तलिखित नको, आधी 'हातवही' करू या!



कार्यानुभवाच्या तासाला किंवा आनंददायी शनिवारी काय घ्यायचं, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. कागदाची फुलं होतात, राख्या होतात, आकाशकंदील होतात. माझं म्हणणं असं, की वर्षातून निदान एकदा प्रत्येक मुलाने स्वतःची एक वही तयार करावी. कागद दुमडून, दाभणाने भोकं पाडून, दोऱ्याने शिवून. आणि सजावट सगळ्यात शेवटी.

'वीस-तीस रुपयांत वही मिळते, मग हा खटाटोप कशाला?' असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण विकतची वही मुलाच्या हातात येते तेव्हा तिचं भवितव्य ठरलेलं असतं. तिच्यावर विषय लिहिलेला असतो, समास आखलेला असतो, लाल पेन वाट बघत असतो. म्हणून मुलं खोडरबर झिजेपर्यंत खोडतात आणि अक्षर बिघडलं की पान फाडतात. चुकायला मोकळी जागा अशी त्यांना उरतच नाही. ती जागा म्हणजे ही हातवही.

वही आपल्या मातीतलीच

वह्या शिवणं हे काही यूट्यूबवरून आलेलं फॅड नाही. रामदासी परंपरेतली हाती लिहिलेली बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आजही जपलेली आहेत. देहूच्या 'भिजकी वही'बद्दल तर प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. दौलताबादजवळचं कागझीपुरा हे गाव हातकागदासाठीच ओळखलं जातं. दिवाळीत व्यापारी लाल कापडी चोपडीची पूजा करतात. वहीला मान देणारा आपला समाज आहे. मुलांना हे सांगत सांगत काम सुरू केलं की त्यांचा हात आपोआप जपून चालतो.

कागद कुठून आणायचा?

विकत अजिबात आणू नका. एप्रिलमध्ये प्रत्येक दप्तरात अर्ध्या भरलेल्या वह्या असतात. इथे एक गंमत आहे आणि ती मुलांनाच शोधू द्या. मधोमध पिन मारलेल्या 100 पानी वहीत 25 जोडकागद असतात. मुलाने 1 ते 30 पानं लिहिली असतील, तर पिना काढल्यावर पूर्ण कोरे जोडकागद किती निघतील? उत्तर 10, म्हणजे पान 31 ते 70. उरलेली पानं कोरी असली तरी त्यांचं दुसरं टोक लिहिलेलं असतं. आणि 60 पानं लिहिली असतील तर? एकही जोडकागद पूर्ण कोरा मिळत नाही! चौथी-पाचवीची मुलं यावर छान भांडतात. एक पान फाडलं की पलीकडचं का सुटतं, हेही त्यांना इथेच कळतं.

दुसरा साठा पाठकोऱ्या कागदांचा. शाळेत, ग्रामपंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात हे ढिगाने असतात. छापील बाजू आत ठेवून कागद दुमडायचा, दुमड बाहेरच्या कडेला आणि उघडी बाजू शिवणीकडे ठेवायची. पान दोन्हीकडून कोरं आणि जाड मिळतं, रंगकाम केलं तरी पलीकडे उमटत नाही. पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, जुनी कॅलेंडरं आहेतच.

शिवण आणि गणित

A4 आकाराचे 8 कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की 32 पानांची वही होते. पानांना क्रमांक घालायला सांगा. मग कागद सुटे करून बघायचे. एकाच कागदाच्या एका बाजूला 1 आणि 32, मागे 2 आणि 31. सगळीकडे बेरीज 33 येते. का येते, हे फळ्यावर सांगून कळणार नाही, कागद हातात घेतल्यावर मूल स्वतःच सांगतं.

शिवण सोपी आहे. दुमडीवर तीन भोकं पाडायची. वहीच्या उंचीच्या तिप्पट दोरा घ्यायचा. आतून मधल्या भोकातून सुई बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, आतल्या आत खालच्या भोकाकडे जाऊन बाहेर आणि शेवटी परत मधल्या भोकातून आत. आतल्या लांब टाक्यावर गाठ मारली की झालं. गोधडी शिवणाऱ्या आज्या गावात आहेत. त्यांना एक दिवस वर्गात बोलवा. दोरा कसा ओढावा हे त्या आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात, आणि त्यांना मास्तरीण व्हायला मिळतं.

पहिली-दुसरीला सुई नको. एका कागदाला घड्या घालून, मध्ये एकच काप देऊन आठ पानांची पुस्तिका होते, तीच त्यांच्यासाठी पुरे. भोकं पाडायचं काम तिसरी-चौथीपर्यंत मोठ्यांनीच करावं. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवा, मात्र बाइंडर घालतात तो मोरचूद घालू नका, तो विषारी असतो.

सजावट कोणाची?

माझा खरा आक्षेप इथे आहे. 'वही सजवा' असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी चमकी, फोमची अक्षरं, लेस लावलेल्या वह्या येतात. ते हात मुलाचे नसतात, आईचे किंवा ताईचे असतात. मग फोटो ग्रुपवर पडतात, नंबर काढले जातात. ज्या मुलाची आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात असते, त्याची साधी वही दप्तरातून बाहेरच निघत नाही. असा उपक्रम न घेतलेलाच बरा.

म्हणून तीन पथ्यं सुचवतो. सजावट वर्गातच व्हावी. साहित्य सगळ्यांना सारखं आणि फुकटचं असावं: भेंडीचे ठसे, दोऱ्याची चित्रं, वाळलेली पानं, गेरू आणि चुना. आणि नंबर काढू नयेत. एखाद्याने मुखपृष्ठावर फक्त आपलं नाव आणि एक बैल काढला, तर ती वही पूर्ण झाली असं समजावं.

पुढे काय?

काही शिक्षक म्हणतील, पाठ्यपुस्तकात वहीची पानं घालून झालीच की! 2023-24 पासून आपल्या राज्यात पुस्तकांत कोरी पानं आली आणि 2025-26 पासून ती गेलीही. मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली, दप्तर काही हलकं झालं नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की छापून दिलेलं कोरं पान मुलाला आपलं वाटेलच असं नाही.

दुसरी अडचण वेळेची. चाचण्या, ऑनलाइन माहिती, नोंदवह्या यांतून तास काढायचा कुठून? मीही त्याच गाड्याला जुंपलेला आहे. पण दोन शनिवार पुरतात, आणि त्यात मोजमाप, घड्या, अर्धा-पाव हे सगळं येतं. तो वेळ वाया गेला असं म्हणता येणार नाही.

एक मात्र सांभाळा. ही वही तपासायची नाही. लाल पेन नाही, शेरा नाही, सही नाही. पालकांनीही मुलाने दाखवली तरच बघावी. त्यात शिव्या निघतील, क्रिकेटचे स्कोअर निघतील, आजीने सांगितलेलं औषध निघेल, आपलं चित्रही निघेल, नाकासकट! निघू द्या. ज्या मुलाला गृहपाठाच्या चार ओळी जड जातात, ते इथे आपणहून पान भरतं. लेखन शिकवणं म्हणजे शेवटी हेच ना?

या एप्रिलमध्ये रद्दीवाल्याला वह्या देण्याआधी पिना काढून बघा. आपल्या वर्गात किती कोरे जोडकागद निघाले, ते जरूर कळवा.